एक छत्री, चार खोल्या: घरभर टीव्ही पोचवताना पडणारे प्रश्न

या वेळी मुद्दाम एकाच विषयावरची पत्रं घेतलीत. गणपती जवळ आले की दरवर्षी हाच प्रश्न यायला लागतो, घरी पाहुणे येणार, खोल्या चार, टीव्ही चार आणि चित्र मात्र हॉलमध्येच. उत्तरं जरा लांबलीत पण लांबू देत, कारण अर्धवट सांगितलं की लोक आधी दुकानात जाऊन स्प्लिटर (एका वायरीचे अनेक फाटे करणारी डबी) नाहीतर बूस्टर (सिग्नल वाढवणारी डबी) उचलून आणतात आणि मग आठवडाभर वायरमनशी वाद घालत बसतात.

प्रश्न: आमचं संगमेश्वर तालुक्यात जुनं चिऱ्याचं घर आहे. अंगणात डीडी फ्री डिशची एक छत्री. मोठा टीव्ही ओटीवर, आईचा छोटा टीव्ही माजघरात आणि मुलांचा वर माडीवर. बाजारातून स्प्लिटर आणला, तीन वायरी काढल्या, तीन बॉक्स घेतले. आता होतंय असं की ओटीवरचा टीव्ही चालू असेल तरच आईचा चालतो, आम्ही बाहेर जाताना ओटीवरचं बटण बंद केलं की आईच्या बातम्या अर्ध्यातच जातात. माडीवर तर निम्मे चॅनेल येतात, निम्मे नाहीत. छत्रीच तीन घ्यायच्या का? (एक वाचक, संगमेश्वर)

उत्तर: नाही दादा, एकच छत्री पुरे. आणि तुम्ही लक्षणं इतकी व्यवस्थित लिहिलीत की दोन्ही बिघाड पत्रातच सापडले.

आधी आईच्या टीव्हीचं बघू. छत्रीच्या पुढे दांड्यावर जो डबा असतो ना, एलएनबी, त्याला चालायला करंट लागतो आणि तो त्याला वेगळ्या वायरने मिळत नाही, ज्या केबलमधून सिग्नल खाली येतो त्याच केबलमधून सेट टॉप बॉक्स त्याला १३ किंवा १८ व्होल्ट वर पाठवत असतो. तुमचा स्प्लिटर असा आहे की त्याच्या तीन तोंडांपैकी एकाच तोंडातून हा करंट वर जाऊ शकतो. ते तोंड ओटीच्या वाट्याला आलंय. म्हणजे ओटीवरचा बॉक्स एलएनबीला जिवंत ठेवतो आणि बाकीचे दोघे त्याच्या जिवावर चालतात, त्याचं बटण बंद झालं की वरचा एलएनबीच मेला, मग आईच्या बॉक्सने काय पकडायचं?

आता तो स्प्लिटर खाली काढून उजेडात धरा. साधारण काडेपेटीएवढा पत्र्याचा तुकडा असतो. त्यावर बारीक अक्षरात ५-१००० असं छापलेलं असेल तर माडीवरच्या निम्म्या चॅनेलचं कोडंही सुटलं. तो आकडा मेगाहर्ट्झचा. तो स्प्लिटर केबल टीव्हीसाठी केलेला आहे, केबल टीव्हीचा सिग्नल ८६२ मेगाहर्ट्झपर्यंतच असतो. छत्रीचं तसं नाही. उपग्रहावरून येणारा सिग्नल ११ गिगाहर्ट्झच्या आसपास असतो, इतका वरचा सिग्नल साध्या केबलमधून खाली येऊच शकत नाही म्हणून एलएनबी त्यातून ९७५० मेगाहर्ट्झ वजा करून तो खाली पाठवतो. फ्री डिशचे चॅनेल या वजाबाकीनंतर साधारण १३४० ते १८८० मेगाहर्ट्झमध्ये पडतात. ५-१००० च्या स्प्लिटरमधून त्यातलं काय कसं जाईल याचा नेम नाही, खालचे चॅनेल थोडेफार पार होतात, वरचे अडकतात, ओटीवर वायर लहान आहे म्हणून चालून जातं आणि माडीवर वायर लांब म्हणून उघडं पडतं.

तेव्हा दुकानात जाऊन सांगायचं की छत्रीसाठीचा स्प्लिटर द्या, ५-२४०० किंवा ५-२४५० छापलेला आणि सगळ्या तोंडांना पॉवर पास असलेला, म्हणजे प्रत्येक तोंडातून करंट वर जाऊ देणारा. दुकानदार म्हणेल सगळे सारखेच असतात. सारखे नसतात, छापलेलं वाचूनच घ्या.

तुम्हाला स्प्लिटरवर भागवता येतंय याचं कारण फ्री डिशचे चॅनेल सगळे एकाच पोलरायझेशनवर, उभ्या लहरींवर आहेत आणि फ्रिक्वेन्सीच्या एकाच पट्ट्यात, म्हणजे एकाच बँडमध्ये आहेत. बॉक्सने १३ व्होल्ट पाठवले की एलएनबी उभ्या लहरी देतो, १८ पाठवले की आडव्या. त्यामुळे तिन्ही बॉक्स एलएनबीकडे एकच गोष्ट मागतात, १३ व्होल्टवाली. भांडण होत नाही. फक्त एखाद्या बॉक्सवर मुलांनी सेटिंगमध्ये जाऊन दुसरा उपग्रह किंवा आडव्या लहरी शोधायला लावल्या तर तो १८ व्होल्ट पाठवेल, एलएनबी त्याचं ऐकेल आणि बाकी दोन टीव्ही जातील, एवढं मुलांना सांगून ठेवा.

बूस्टर लावायचा का हा पुढचा प्रश्न तुमच्या मनात असेलच. हिशोब करू. चांगल्या एलएनबीतून साधारण उणे ३५ डीबीएम सिग्नल खाली निघतो (हे सिग्नलचं माप, उणे आकडा वाढला की सिग्नल कमी). ३० मीटर चांगली आरजी-६ (छत्रीची नेहमीची गोल केबल) धरली तर या फ्रिक्वेन्सीला ८ डेसिबल जातात. चार तोंडी स्प्लिटरमध्ये ९-१० जातात. म्हणजे माडीवर पोचला उणे ५३ च्या आसपास, आणि बॉक्स साधारण उणे ६५ पर्यंत नीट चालतो. भरपूर शिल्लक आहे. बूस्टरचे पैसे चांगल्या केबलमध्ये घाला, मधली तार चांगली जाड, पूर्ण तांब्याची असेल अशी बघा, कारण याच तारेतून करंटही वर जातोय. स्वस्त केबलमध्ये आत लोखंडी तार आणि वर तांब्याचा पातळ मुलामा असतो, लोहचुंबक लावून बघितलं की लगेच कळतं.

चार तोंडी घेतलात आणि एक तोंड रिकामं राहिलं तर त्यावर टर्मिनेटर म्हणजे तोंड बंद करणारं टोपण लावा पण डीसी ब्लॉकवालं, करंट अडवणारं, साधं लावलं तर या तोंडावर व्होल्टेज असल्यामुळे ते तापतं.

आणि कनेक्टर. कोकणात निम्मे बिघाड इथेच असतात. केबल सोलून एफ कनेक्टर (केबलच्या टोकाचा फिरवून बसवायचा जोड) घातला की मधली तार कनेक्टरच्या कडेच्या बाहेर दोन-तीन मिलिमीटर दिसली पाहिजे, जास्त नको. वरच्या जाळीचा एक केसाएवढा तंतू जरी त्या मधल्या तारेला लागला तर शॉर्ट, बॉक्स एलएनबी शॉर्टचा मेसेज दाखवतो किंवा गप्प बसतो. आमच्या घरी मागच्या पावसाळ्यात छत्रीपाशी फिरकीचा कनेक्टर उघडला तर मधली तार हिरवीकाळी पडलेली आणि केबलमधून थेंबभर पाणी हातावर आलं. केबल एलएनबीला जिथे लागते तिथे सरळ ताणून बांधू नका, आधी खाली एक झोळ सोडा म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी गळून जातं, कनेक्टरकडे चढत नाही. स्प्लिटर अंगणात नको, वळचणीखालीही नको, घरात कोरड्या जागी, शक्यतो माजघरात आईच्या टीव्हीजवळ.

प्रश्न: दादा, आमच्याकडे पावसात सगळ्या खोल्यांतला टीव्ही एकदम जातो. केबल बदलू का? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर: सगळ्या खोल्यांत एकदम जातोय म्हणजे दोष खोल्यांच्या केबलचा नाही, छत्रीचा आहे किंवा आभाळाचा. एकाच खोलीत गेला असता तर त्या खोलीची वायर बघायला सांगितलं असतं. मुसळधार पावसात छत्रीचा सिग्नल पाण्याच्या थेंबांत शोषला जातो, काळाकुट्ट ढग येऊन गेला की पाच-दहा मिनिटांत परत येत असेल तर ते सहन करायचं. पण साध्या रिपरिपीतही जात असेल तर छत्री थोडी हललीय. वानरांनी उडी मारली तरी हलते. फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे, म्हणजे तुमच्या अंगणातून आग्नेयेकडे आणि आभाळात साधारण ६० अंश वर. त्या रेषेत बघा, गेल्या वर्षी नव्हती अशी एखादी आंब्याची फांदी किंवा माडाची झावळ आली नाही ना. कोरडी असताना ती चालून जाते, ओली झाली की सिग्नल खाते. फांदी तोडा, मग बॉक्सच्या मेनूमधली क्वालिटीची पट्टी बघत छत्री केसभर केसभर फिरवा, स्ट्रेंग्थची नाही, क्वालिटीची बघायची. आणि हे सगळं आभाळ स्वच्छ असताना.

प्रश्न: सर, आम्ही पुण्यात टू बीएचकेमध्ये राहतो, दरमहा पैसे भरायचं डीटीएच आहे. सासूबाईंच्या खोलीत टीव्ही लावायचाय. टेक्निशियन म्हणतो दुसरं कनेक्शन घ्या. शेजारचे काका म्हणतात कशाला, दीडशे रुपयाचा स्प्लिटर लावा. मुलगा म्हणतो एचडीएमआय स्प्लिटर लावू. नक्की कोणाचं ऐकायचं? (एक वाचक, पुणे)

उत्तर: ताई, आधी सासूबाईंना विचारा. त्यांना त्यांच्या खोलीत त्यांची मालिका हवीय की हॉलमध्ये जे चाललंय तेच तिकडे दिसलं तरी चालेल? हे ठरलं की पुढचं सगळं आपोआप ठरतं, आणि घरोघरी नेमकं हेच कोणी विचारत नाही.

वेगळा चॅनेल हवा असेल तर त्या खोलीत स्वतंत्र बॉक्स लागणारच, त्याला पर्याय नाही, कारण एक साधा बॉक्स एका वेळी एकच चॅनेल उघडून देतो. आणि बॉक्स घेतला तरी काकांचा स्प्लिटर तुमच्याकडे चालणार नाही. वर संगमेश्वरच्या उत्तरात चालला तो फ्री डिश एकाच पोलरायझेशनवर आहे म्हणून. बऱ्याच पेड डीटीएचचे चॅनेल उभ्या आणि आडव्या दोन्ही लहरींवर वाटलेले असतात. तुम्ही हॉलमध्ये क्रिकेट लावलं, तो चॅनेल आडव्यावर असला तर बॉक्स १८ व्होल्ट पाठवतो, सासूबाईंची मालिका उभ्यावर असली तर त्यांचा बॉक्स १३ पाठवतो, एकाच केबलवर दोघांची ओढाताण आणि जिंकतो १८ वाला. सासूबाईंचं चित्र जातं. त्यातच २२ किलोहर्ट्झचा एक टोन असतो ज्याने एलएनबीला वरचा बँड की खालचा ते सांगतात, तिथेही तेच. म्हणून दोन तोंडांचा ट्विन एलएनबी लावायचा आणि छत्रीपासून दोन्ही खोल्यांपर्यंत दोन स्वतंत्र केबल आणायच्या. छत्री तीच. चार खोल्या असतील तर चार तोंडांचा एलएनबी मिळतो, आणि अख्ख्या सोसायटीला एका छत्रीवरून द्यायचं असेल तर गच्चीत मल्टीस्विच बसवतात, ते काम मात्र जाणकाराकडूनच करून घ्यावं.

टेक्निशियन दुसरं कनेक्शन म्हणाला तरी ते बिलात पूर्ण दुसरं कनेक्शन म्हणून लागलं पाहिजे असं नाही. त्याच नावावर, त्याच घरात दुसरा टीव्ही असेल तर मल्टी टीव्ही म्हणून जोडून मागा. ट्राय म्हणजे टीव्ही-टेलिफोन कंपन्यांसाठी नियम करणारी सरकारी संस्था, तिने २०२० मध्ये नेटवर्क फीसाठी (चॅनेलच्या पैशांशिवाय लागणारी कनेक्शनची फी) नियम केला होता की दुसऱ्या टीव्हीपासून पुढे पहिल्याच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येणार नाही. २०२४ मध्ये या फीवरची कमाल मर्यादाच काढून टाकली, त्यामुळे आता प्रत्येक कंपनीचा दर वेगळा असू शकतो. कस्टमर केअरला फोन करून दुसऱ्या टीव्हीची फी किती आणि चॅनेलचे पैसे परत पूर्ण लागणार का, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारा आणि उत्तर मेसेजवर मागवून घ्या.

आता समजा सासूबाई म्हणाल्या की हॉलमधलंच दिसलं तरी चालेल. मग तुमच्या मुलाचं बरोबर आहे. बॉक्सच्या एचडीएमआयला एक आत दोन बाहेर असा स्प्लिटर, एक हॉलच्या टीव्हीला, दुसरा आत. साधी एचडीएमआय केबल १० मीटरपर्यंत चांगली टिकते, पुढे भरवसा नाही, लांब असेल तर कॅट-६ (इंटरनेटच्या लॅनची) वायरवरून एचडीएमआय नेणारा एक्स्टेंडर मिळतो, दोन्ही टोकांना एकेक डबी. स्प्लिटर अगदी स्वस्तातला घेऊ नका, कॉपी प्रोटेक्शन जमलं नाही तर काळा पडदा येतो. अजून एक, हॉलचा टीव्ही फोर-के आणि आतला जुना असेल तर बऱ्याच स्प्लिटरवर दोघांनाही जुन्याच्या कुवतीचं चित्र मिळतं.

आणि रिमोट. चॅनेल बदलायला सासूबाईंना उठून हॉलमध्ये यावं लागेल. त्यासाठी छोटा आयआर एक्स्टेंडर येतो, त्याचा डोळा आतल्या खोलीत चिकटवायचा आणि दुसरं टोक बॉक्ससमोर, बऱ्याच एचडीएमआय एक्स्टेंडरमध्ये तो आतच असतो. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी हा डोळा टीव्हीपेक्षाही महत्त्वाचा, तो विसरू नका.

त्यांचा टीव्ही जुना, एचडीएमआय नसलेला असेल तर बॉक्सच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या एव्ही आउटला आरएफ मॉड्युलेटर (चित्र-आवाज टीव्ही केबलवर चढवणारी डबी) लावून साध्या केबलने पोचवता येतं. चित्र साधारण येतं, पण बातम्या आणि कीर्तनाला पुरतं.

प्रश्न: आम्ही लालबागला राहतो, केबल कनेक्शन आहे, तीन टीव्ही तीन बॉक्स. सगळ्यात आतल्या खोलीत एचडी चॅनेलवर चित्र फुटतं, चौकोन चौकोन होतात, आवाज तुटतो. केबलवाल्याच्या मुलाने टीव्हीच्या मागे बूस्टर लावून दिला, दोन दिवस बरं होतं, परत तेच. (एक वाचक, मुंबई)

उत्तर: बूस्टर चुकीच्या जागी आहे. पण त्याआधी वायर कशी फिरलीय ते शोधा, माझा अंदाज आहे की दारातून आलेली केबल हॉलमध्ये एका टी वर (एका वायरीचे दोन फाटे करणारा जोड), तिथून पुढे दुसऱ्या टी वर, तिथून तिसऱ्या टी वर अशी गाडीच्या डब्यांसारखी जोडत गेलीय. जुन्या इमारतींत असंच असतं, कारण प्रत्येक टीव्ही वेगळ्या वर्षी आला आणि प्रत्येक वेळी आहे त्या वायरीला एक टी मारला.

मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ नंतर ॲनालॉग केबल बंद झाली तोपर्यंत हे खपून जायचं. सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या पण चित्र दिसायचं, लोक मुंग्यांसकट बघायचे. डिजिटलमध्ये मुंग्या नाहीत. एका पातळीपर्यंत चित्र एकदम लख्ख, आणि तिच्याखाली गेलं की चौकोन, मग काहीच नाही. त्यामुळे तुमच्या आतल्या खोलीत सिग्नल कडेवर उभा आहे, जरा ऊन-पाऊस झाला, कुठे कनेक्टर सैल झाला की पडतो.

आकडे घालून बघू. समजा तुमच्या दारात ६२ डीबी मायक्रोव्होल्ट आहे, केबलवाल्याच्या मीटरवर हाच आकडा दिसतो. प्रत्येक दोन तोंडी टी चार डेसिबल खातो. तीन टी म्हणजे १२ गेले. वर २५ मीटर केबलमध्ये पाच गेले. आत पोचले ४५. बॉक्सला ५० च्या वर हवं. आता टीव्हीच्या मागे बूस्टर लावला तर तो काय करणार, ४५ चे ६० करणार पण वाटेत सिग्नलमध्ये जी घाण मिसळलीय तीही तेवढीच मोठी करणार. बॉक्सला सिग्नल मोठा लागत नाही, स्वच्छ लागतो.

सगळे टी काढा. दारापाशी एकच तीन तोंडी स्प्लिटर आणि तिथून प्रत्येक खोलीला स्वतंत्र वायर. यातही असमान तीन तोंडी मिळतो, एका तोंडावर चारच डेसिबल जातात आणि उरलेल्या दोन तोंडांवर आठ-आठ, ते तोंडावर छापलेलं असतं. चारवालं तोंड सगळ्यात आतल्या खोलीला द्या. मग ६२ वजा ४ वजा ५, आत ५३ पोचले, बूस्टरशिवाय. तरीही कमी पडलं तर बूस्टर दारापाशी, स्प्लिटरच्या आधी, जिथे सिग्नल अजून स्वच्छ आहे, आणि त्याची गेन, म्हणजे तो सिग्नल किती वाढवतो ते, कमीत कमी ठेवून. जास्त झाला तरी चित्र फुटतं, अगदी तसेच चौकोन येतात.

हे करताना स्विचबोर्डच्या मागे किंवा माळ्यावर एखादी जुनी वायर टी ला जोडलेली आणि पुढे नुसतीच तोडून सोडलेली सापडेल. तिच्या उघड्या टोकावरून सिग्नल उलटा फिरतो आणि काही ठरावीक चॅनेल खराब करतो. काढून टाका. आणि जुनी पातळ केबल असेल, आरजी-५९ म्हणतात, तर तीही बदला, तिची जाळी विरळ असते, मोबाइलचे ७०० ते ८५० मेगाहर्ट्झमधले सिग्नल केबल टीव्हीच्या फ्रिक्वेन्सीतच येतात आणि विरळ जाळीतून आत शिरतात.

केबलवाल्याला मीटर घेऊन बोलवा आणि दारात किती, आतल्या खोलीत किती हे तुमच्यासमोर मोजायला सांगा. दारातच ५० असेल तर काम त्याचं आहे, जिन्यातलं. दारात ६२ असेल तर तुमच्या घरातलं.

प्रश्न: कराडजवळ घर बांधतोय, स्लॅब पुढच्या महिन्यात. टीव्हीसाठी कुठे कुठे पाइप टाकून ठेवू? (एक वाचक, कराड)

उत्तर: बरं झालं आत्ता विचारलंत. प्लास्टर झाल्यावर झिऱ्या मारत बसण्यापेक्षा आत्ता दोन हजार रुपयांचे पाइप जास्त गेले तरी चालतील.

एक जागा ठरवा, जिन्याखाली किंवा हॉलच्या कोपऱ्यात, जिथे सगळं एकत्र येईल. तिथे एक मोठा बॉक्स भिंतीत बसवा, त्यात एक प्लग पॉइंट हवाच. तिथून प्रत्येक खोलीत, स्वयंपाकघर धरून, २५ मिलिमीटरचा स्वतंत्र पाइप. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नाही, प्रत्येकाचा थेट त्या बॉक्सपर्यंत. आणि तिथून एक पाइप गच्चीवर, तो मात्र जाड घ्या. प्रत्येक खोलीच्या पाइपमध्ये दोन आरजी-६ आणि एक कॅट-६ आरामात बसतात. आज खर्च नको असेल तर वायर नका टाकू, पण प्रत्येक पाइपात ओढायला एक तार किंवा नायलॉनची दोरी घालून ठेवा आणि दोन्ही टोकं बांधा.

सेंट्रिंगवर पाइप अंथरले की वायरमनला एल्बो लावू देऊ नका, काटकोनात केबल ओढताना दुमडते आणि दुमडली की ती तिथे कायमची खराब. मोठा गोल बाक हवा, निदान ७-८ सेंटिमीटर त्रिज्येचा. लाइटच्या वायरी या पाइपात अजिबात नकोत, सुरक्षिततेसाठीही नाही आणि सिग्नलसाठीही नाही, शेजारून न्यायच्याच असतील तर वीतभर अंतर ठेवा, आडव्या छेदून गेल्या तर चालेल. स्लॅब भरताना तिथे स्वतः उभे राहा. काँक्रीट ओतताना पायाखाली पाइप फुटतो, आत माल शिरतो आणि ते कळतं सहा महिन्यांनी. टोकांना टेप किंवा कापडाचे बोळे घट्ट घाला.

छत्रीचा लोखंडी पाइप अर्थिंगला जोडा. वळवाच्या विजा तुमच्याकडे कमी नसतात.

प्रश्न: सगळं आता इंटरनेटवर येतं, मग केबल ओढायचीच कशाला? (एक वाचक, नागपूर)

उत्तर: तुमच्या घरी खरंच सगळं इंटरनेटवर बघत असाल तर नका ओढू. एचडीला एका टीव्हीला ५ एमबीपीएस, फोर-केला १५ ते २५ धरा आणि टीव्हींच्या संख्येने गुणा. राउटर कपाटात किंवा टीव्हीच्या मागे कोंबू नका, घराच्या मध्यावर उंच ठेवा. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वेगवान पण दोन भिंतींपलीकडे दम तोडतं, २.४ वालं भिंत ओलांडतं पण हळू. ज्या खोलीत चित्र अडकून पडद्यावर गोल सारखं फिरत बसतं तिथे लॅन केबल टाका, बऱ्याच टीव्हींना मागे तिचं तोंड असतंच. पण घरात कोणी असं असेल ज्यांना ॲप उघडणं जमत नाही, त्यांच्या खोलीत मात्र साधा बॉक्स आणि चॅनेलचा नंबर दाबायचा रिमोट राहू द्या.

प्रश्न: मी ७४ वर्षांची आहे, सदाशिव पेठेत जुन्या घरात राहते. आमच्याकडे पूर्वी गच्चीवर सिंहगडाकडे तोंड केलेला अँटेना होता, त्याची चपटी वायर अजून भिंतीतल्या पाइपात आहे, गच्चीपासून माझ्या खोलीपर्यंत. नातू म्हणतो तीच वापरून नवीन छत्री जोडू. चालेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: आजी, ती वायर ओळखली मी. दोन तारा आणि मध्ये चपटं प्लास्टिक. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि पुण्यात ते सिंहगडावरच्या टॉवरवरून यायचं, त्यामुळे पेठांमधले सगळे अँटेने एकाच दिशेला बघत असायचे.

नवीन छत्रीसाठी मात्र ती चालणार नाही. ती ३०० ओहमची, आताचं सगळं ७५ ओहमचं, तिला जाळी नाही आणि छत्रीच्या फ्रिक्वेन्सीला ती काहीच पोचवू शकणार नाही. पण तोडूही नका! भिंतीत गच्चीपासून खोलीपर्यंत पाइप आहे आणि त्यात एक वायर आधीपासून ओवलेली आहे, हे मोठं काम आयतं झालेलं आहे. माझ्या मामांकडे आम्ही असंच केलं. नातवाला सांगा, गच्चीवरच्या टोकाला चपट्या वायरीचं प्लास्टिक चार बोटं सोलून दोन्ही तारा मोकळ्या करायच्या, नवीन आरजी-६ चं टोक निमुळतं सोलून तिच्या मधल्या तारेला त्या पिळून बांधायच्या, वरून टेप असा गुंडाळायचा की कुठे गाठ किंवा पायरी राहणार नाही. टेपवर थोडी टाल्कम पावडर. मग तुमच्या खोलीतून एकाने जुनी वायर हळूहळू ओढायची आणि गच्चीवरून दुसऱ्याने नवीन केबल आत सोडत राहायची, दोघांनी फोन चालू ठेवून. मध्ये अडलं तर जोर लावू नका, एक वीत मागे घ्या, थोडी फिरवा, परत ओढा. आमच्याकडे जिन्याच्या वळणावर तीनदा अडली आणि चौथ्यांदा सुटली. नवीन टोक खोलीत आलं की टेपच्या मागे हातभर केबल कापून टाका, ओढताना ती ताणलेली असते, आणि मग कनेक्टर लावा. गच्चीवर पाइपाचं तोंड उघडं राहील, ते पावसाआधी सिलिकॉनने बुजवायला सांगा.